जोखमीचं भांडवल आणि बाईची सही

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या विभागीय मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



जेवणानंतरचं पहिलं भाषण म्हणजे झोपेशी सामना, त्यातून विषय भांडवलाचा. सकाळपासून आपण पोटगी, घरातली मारहाण, वारसाहक्क यांवर बोललो. तिथे प्रत्येकीकडे सांगायला दहा-दहा केसेस होत्या. आता मी ज्या जागेबद्दल बोलणार आहे तिथे आपल्यापैकी फारशा कुणी गेलेल्या नसाव्यात. मीही गेले नसते. एम.एस.डब्ल्यू. करताना आम्हाला वस्ती, शाळा, तुरुंग, रुग्णालय असं सगळं दाखवलं. भांडवल जिथे वाटलं जातं ती खोली कुणी दाखवली नाही.

मी तिथे गेले ती कायद्यामुळे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा तुम्हाला माहीत आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाई, निम्म्या तरी सदस्य बायका आणि एक सदस्य बाहेरची, स्वयंसेवी संस्थेतली किंवा या प्रश्नाची जाण असलेली. अडीच वर्षांपूर्वी आमच्या समुपदेशन केंद्रात फोन आला, "मॅडम, आम्हाला बाहेरची सदस्य हवी आहे." मी विचारलं, "कारखाना कसला?" पलीकडचा मुलगा जरा अडखळला आणि म्हणाला, "कारखाना नाही मॅडम, आम्ही फंड आहोत."

फंड म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर भिशी येते, नाहीतर बुडालेली चिटफंड कंपनी. मीही तेच मनात धरून गेले. तिसऱ्या मजल्यावरचं ऑफिस. काउंटर नाही, फायलींची कपाटं नाहीत, सगळीकडे काचा. चौदा माणसं, त्यांत बायका चार: एक हिशेब बघणारी, एक माणसांच्या नेमणुका बघणारी, एक नुकतीच लागलेली विश्लेषक मुलगी आणि एक चहा करणाऱ्या मावशी. समितीच्या यादीत मावशींचं नाव नव्हतं. "त्या एजन्सीच्या आहेत," असं मला सांगण्यात आलं. कायद्यात ठेकेदारामार्फत आलेली बाईसुद्धा कर्मचारीच धरली आहे, हे पहिल्याच दिवशी सांगावं लागलं. असो.

या फंडाचं नाव मी सांगणार नाही. पुण्या-मुंबईबाहेर, आपल्या भागातल्या मुलांनी नव्याने काढलेल्या तंत्रज्ञानाच्या कंपन्यांत पैसे घालायचे, हा त्यांचा धंदा. कांद्याच्या चाळीतली हवा मोजून सडण्याआधी इशारा देणारं यंत्र, दूध संकलन केंद्राच्या हिशेबाची प्रणाली, अशा कंपन्या. त्या विश्लेषक मुलीला मी विचारलं, "मला शाळेतल्या मुलीला समजावतेस तसं समजाव, तुम्ही करता काय?" तिने फळ्यावर दोन चौकोन काढले. एकात लिहिलं बँक, दुसऱ्यात फंड.

बँक कर्ज देते. कर्जाला तारण लागतं, जामीनदार लागतो आणि हप्ता लगेच सुरू होतो. फंड कर्ज देत नाही. तो कंपनीचा एक हिस्सा विकत घेतो. तारण नाही, हप्ता नाही, व्याज नाही. कंपनी बुडाली तर फंडाचे पैसेही बुडाले. घरावर जप्ती येत नाही. म्हणून त्याला जोखमीचं भांडवल म्हणायचं. वर्तमानपत्रं साहस भांडवलही म्हणतात, पण साहस कुणाचं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

खरं सांगते, हे ऐकून मी हरखून गेले. गेली दहा वर्षं आपण काय बघतो आहोत? बाई बँकेत जाते, हुशार असते, हिशेब चोख असतो, आणि साहेब विचारतात, तारण काय? सातबारा सासऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर, दागिने लग्नातच सासूच्या कपाटात गेलेले. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, २००५ साली तो देशभर आला. तरी भाऊबीजेच्या ओवाळणीत हक्कसोड पत्रावर सही मागितली जाते. अशा बाईला तारण न मागता पैसे देणारं दार उघडं आहे म्हणजे केवढी मोठी गोष्ट, असं मला वाटलं.

मग त्या मुलीने उरलेला अर्धा भाग सांगितला.

फंडाचे पैसे फंडाचे नसतात. ते विमा कंपन्या, बँका, श्रीमंत घराणी, सरकारी संस्था यांच्याकडून गोळा केलेले असतात आणि साधारण दहा वर्षांत परत करायचे असतात. फंड चालवणारे देखभालीसाठी दरसाल सुमारे दोन टक्के घेतात आणि नफा झाला तर त्यातला साधारण पाचवा हिस्सा. दहा कंपन्यांत पैसे घातले तर बऱ्याचशा बुडतात, काही रखडतात, आणि एखाद-दुसरी इतकी वाढते की सगळ्यांची भरपाई तिच्यातून होते. या धंद्याची सुरुवात मानली जाते ती १९४६ साली अमेरिकेत बोस्टन भागात निघालेल्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनपासून. जॉर्ज डोरिओ नावाचे प्राध्यापक ती चालवत. तीही एका परीने प्रादेशिकच, त्या भागातल्या विद्यापीठांतल्या संशोधनातून उद्योग उभे राहावेत हा तिचा उद्देश. १९५७ साली त्यांनी डिजिटल इक्विपमेंट या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले आणि त्याचे पुढे शेकडो पट झाले. बाकीच्या गुंतवणुकी कुणाला आठवत नाहीत. त्या एका दाण्यावर सगळं पीक.

आपल्याकडे हे १९८८च्या सुमाराला आलं. आयसीआयसीआय आणि युनिट ट्रस्टने मिळून बंगळूरला टीडीआयसीआय काढली. १९९० साली अहमदाबादला गुजरात व्हेंचर फायनान्स निघाली, राज्याच्या औद्योगिक गुंतवणूक महामंडळाच्या पुढाकाराने आणि जागतिक बँकेच्या पाठबळाने. एका राज्यापुरता फंड ही कल्पना आपल्याकडे तिथून रुजली. १९९६ साली सेबीने पहिले नियम केले, २०१२ साली ते बदलून पर्यायी गुंतवणूक निधींचे नियम आणले. इतिहास एवढा पुरे.

आपल्या कामाचा मुद्दा त्या एका दाण्यात आहे. प्रत्येक कंपनीकडून फंडाला शंभर पट होण्याचं स्वप्न हवं असतं. तीस बायकांना बारमाही काम देईन, दरवर्षी थोडी वाढेन, कुणाचं देणं ठेवणार नाही, असं म्हणणारी बाई बँकेला आवडेल. फंडाला ती नको असते. त्यात तिचा दोष नाही, आणि फंडवाल्यांचं गणित बघितलं तर त्यांचाही फारसा नाही. पण पेपरात रोज या भांडवलाचे आकडे वाचून आपल्या बचत गटातल्या मुलींना वाटायला लागलं आहे की, फंडाने पैसे दिले तरच आपला धंदा खरा. मी त्या विश्लेषक मुलीला एकदा विचारलं, "लिज्जत पापडाला तुम्ही पैसे दिले असते का?" १९५९ साली गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, ती गोष्ट तिला माहीत होती. ती हसून म्हणाली, "नसते दिले ताई. प्रत्येक बाई मालकीण, नफा सगळ्यांचा, शेअर कुणालाच विकता येत नाही. आम्ही बाहेर कसे पडणार?" बाहेर पडणं हा त्यांचा शब्द. आत शिरतानाच बाहेर कसं पडायचं हे ठरवलेलं असतं. आपल्याला ते चमत्कारिक वाटतं. खरं तर कित्येक मुलींना लग्नाआधी हा सल्ला द्यायला हवा, पण ते जाऊ दे.

आता सादरीकरणाच्या दिवसाबद्दल. समितीच्या तिमाही बैठकीला गेले होते, त्या दिवशी पाच कंपन्या पैसे मागायला आल्या होत्या. भागीदारांपैकी एकाने मला मागे बसून ऐकायला सांगितलं. माणूस वाईट नाही, उलट उत्साही आहे. तीन गटांत सगळे मुलगे होते, दोन कंपन्या मुलींच्या. केस पेपर लिहायची सवय असल्यामुळे मी वहीत प्रश्न जसेच्या तसे उतरवत गेले.

मुलांना विचारलेले प्रश्न: पाच वर्षांत किती जिल्ह्यांत जाल? गिऱ्हाईक कसं वाढवाल? उद्या मोठी कंपनी विकत घ्यायला आली तर काय म्हणाल?

मुलींना विचारलेले प्रश्न: आहे ते गिऱ्हाईक टिकेल कशावरून? पैसे किती महिन्यांत संपतील? एखाद्या मोठ्या कंपनीने हेच काढलं तर तुम्ही काय कराल? आणि एकीला: घरचे तयार आहेत ना?

हा शेवटचा प्रश्न ज्याने विचारला त्याला वाटलं, आपण काळजीने विचारलं. पण त्याआधीचे तीन पाहा. त्यांत कुठेही बाई-पुरुष शब्द नाही. एकेक सुटा घेतला तर कुणी हरकत घेणार नाही. वहीत दोन रकाने करून शेजारी शेजारी लिहिले तेव्हा दिसलं की मुलांना जिंकायचं कसं हे विचारलं जातंय आणि मुलींना हरणार नाही ना, हे.

मला वाटलं, मी नको ते शोधते आहे. म्हणून वाचायला घेतलं. अमेरिकेत डेना कान्झ आणि तिच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच अभ्यास केला आहे. न्यूयॉर्कमध्ये दरवर्षी भरणाऱ्या एका मोठ्या स्पर्धेतली २०१० ते २०१६ची प्रश्नोत्तरं त्यांनी तपासली. पुरुषांना विचारलेल्या प्रश्नांपैकी ६७ टक्के वाढीचे होते. बायकांना विचारलेल्यांपैकी ६६ टक्के बचावाचे. आणि ज्यांना वाढीचे प्रश्न विचारले गेले त्यांनी पुढे कितीतरी पट जास्त पैसे उभे केले. यात आपल्याला झोंबणारी गोष्ट अशी की, प्रश्न विचारणाऱ्या बायकाही पुरुषांसारखेच प्रश्न विचारत होत्या. खोलीत बाई बसवली की प्रश्न सुटला असं समजणाऱ्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्हीसुद्धा, हे लक्षात ठेवावं.

त्याच अभ्यासात आणखी एक निष्कर्ष आहे. बचावाचा प्रश्न आला तरी जिने उत्तर वाढीचं दिलं, तिला पैसे जास्त मिळाले. गिऱ्हाईक टिकेल का, असं विचारलं तर "टिकेल" एवढंच न सांगता "बाजार केवढा वाढतोय ते बघा" असं सांगायचं. मुलींना शिकवण्यासारखी युक्ती आहे, मी शिकवतेही. शिकवताना रागही येतो. प्रश्न वाकडा विचारणाऱ्याला काही शिकावं लागत नाही, उत्तर सरळ करायचं कसब पुन्हा बाईनेच कमवायचं.

वहीचं ते पान मी त्या भागीदाराला दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "खरंच की! आम्हाला कळलंच नाही." पुढच्या वेळी त्यांनी सगळ्यांना समान विचारायच्या दहा प्रश्नांची यादी केली. मी त्याचं श्रेय घेतलं, बैठकीत दोन शब्दही बोलले. पण सादरीकरणानंतर जेवण असतं, आणि जेवणाच्या टेबलावरचे प्रश्न यादीत नसतात. तिथे कुणी कुणाच्या कॉलेजचा निघतो, कुणाच्या मामाचा कारखाना शेजारच्या प्लॉटवर असतो, रात्री कुठे बसायचं ते ठरतं. प्रादेशिक फंडाची सगळी ताकद या ओळखीत असते. मुंबईच्या फंडाला कांद्याची चाळ कळत नाही, यांना कळते. तासाभरात गाडीने जाऊन कंपनी डोळ्यांनी बघता येते. माणूस कोणत्या घरातला ते ठाऊक असतं. आणि हाच त्यांचा आंधळेपणाही आहे. कोणत्या घरातला हे ठाऊक असणं म्हणजे आपल्याकडे काय असतं, हे तुम्हाला सांगायला नको. अडीच वर्षांत त्या खोलीत पैसे मागायला आलेल्यांची आडनावं मी वाचत आले आहे. दलित आडनावं मी एका हाताच्या बोटांवर मोजली, आदिवासी एकही नाही.

आता माझी स्वतःची चूक सांगते. ती सांगायलाच आज उभी राहिले आहे, म्हणा ना.

आमच्या केंद्रात एक ताई आली. तिची परवानगी घेऊन, तपशील थोडे बदलून सांगते. बी.कॉम. झालेली, दोन मुली. नवऱ्याची दूध केंद्रांना हिशेबाची प्रणाली पुरवणारी कंपनी. (त्या कंपनीत पैसे घालणारा फंड वेगळा, मी ज्याच्या समितीवर आहे तो नाही, हे आधीच स्पष्ट करते.) दोघांनी संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरवलं होतं. वकिलाने अटींचा मसुदा केला होता, तो घेऊन ती माझ्याकडे आली. मी वाचला. पोटगी पाहिली, दागिन्यांची यादी पाहिली, मुलींचा ताबा, शाळेची फी, सगळं खुणा करून तपासलं. अकराव्या कलमात एक ओळ होती: पत्नी तिच्या नावे असलेले कंपनीतील सर्व शेअर पतीच्या नावे विनामोबदला करून देईल. मी ती वाचली आणि पुढे गेले. ताईनेच विचारलं होतं, "हे काय?" मी म्हणाले, "कागदोपत्री असेल, त्याची कंपनी आहे ना."

त्याची कंपनी आहे ना! जमीन त्याची आहे ना, घर त्याचं आहे ना, असं म्हणणाऱ्या तलाठ्याशी मी भांडले आहे, आणि इथे माझ्याच तोंडून हे वाक्य आलं.

दोन दिवसांनी काही निमित्ताने त्या विश्लेषक मुलीशी बोलणं झालं. नावं न घेता मी सहज विचारलं. ती म्हणाली, "ताई, शेअर किती आहेत ते आधी विचारा." विचारले. कंपनी काढताना नवऱ्याने बायकोच्या नावावर ५१ टक्के आणि स्वतःच्या नावावर ४९ टक्के ठेवले होते. महिला उद्योजक म्हणून सवलती मिळतात, म्हणून. पुढे एका फंडाने ६० लाख रुपये घालून २० टक्के हिस्सा घेतला. नवे शेअर निघाले की जुन्यांचा वाटा त्या प्रमाणात कमी होतो, म्हणजे ताईचे उरले ४०.८ टक्के. आता गणित करा. २० टक्क्यांचे ६० लाख, तर सगळ्या कंपनीचे ३ कोटी, आणि ताईच्या हिश्शाचे, त्या दिवशीच्या कागदावर, १ कोटी २२ लाखांच्या वर. मासिक पोटगी आम्ही नऊ हजारांवरून बारा हजारांवर आणली म्हणून मी खूश होते.

हे १ कोटी २२ लाख रोख नव्हेत, हेही त्या मुलीने लगेच सांगितलं. असे शेअर बाजारात विकता येत नाहीत. कंपनी विकली गेली तर आधी फंड आपले पैसे काढून घेतो, उरलं तर बाकीच्यांचं. शिवाय फंडाबरोबरच्या करारात बहुतेक वेळा अट असते की संस्थापकांनी फंडाच्या संमतीशिवाय शेअर कुणाला द्यायचे नाहीत. तो करार ताईने सही केलेला होता, साठ-सत्तर पानांचा, इंग्रजीतला. तिने एक पानही वाचलेलं नव्हतं. "जेवायला वाढत होते, तेवढ्यात म्हणाले, इथे सही कर, इथे कर, इथे कर."

आणि दुसरी बाजू याहून वाईट होती. ती नुसती भागधारक नव्हती, संचालकही होती. एका पुरवठादाराला दिलेला चेक परत गेला होता आणि त्यावर सही तिची होती. चेक वटला नाही तर सही करणारा संचालक फौजदारी कायद्यात अडकतो. म्हणजे मालकी सोडून द्यायची विनामोबदला, आणि जबाबदारी मात्र राहणार तिच्या नावावर. मसुद्यात संचालकपदाच्या राजीनाम्याबद्दल अक्षरही नव्हतं.

आम्ही मसुदा परत पाठवला. चार महिने गेले. नवरा चिडला, सासरे केंद्रात येऊन बोलून गेले, ताई दोनदा म्हणाली, "जाऊ द्या ना, मला सुटायचंय." शेवटी तडजोड झाली: चेकचं देणं नवऱ्याने आधी चुकतं केलं, तिचा राजीनामा कंपनी निबंधकाकडे नोंदवला गेला, काही शेअर मुलींच्या शिक्षणासाठी म्हणून तिच्याकडेच राहिले आणि बाकीच्यांच्या बदल्यात एकरकमी पैसे मिळाले. ते सव्वा कोटीच्या जवळपासही नव्हते. पण तिने दोन खोल्यांच्या घराची सुरुवातीची रक्कम भरली. मी सांगितलं होतं ते ऐकलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं.

ही एकटी ताई नाही. २०१७ साली सरकारने तीन वर्षं विवरणपत्रं न भरलेल्या कंपन्यांच्या लाखो संचालकांना अपात्र ठरवलं. आपण संचालक आहोत हे त्या यादीत पाहून कळलेल्या बायका वकिलांनी पाहिल्या आहेत. दुसरीकडे सरकारी निवेदनं अभिमानाने सांगतात की मान्यता मिळालेल्या स्टार्टअपपैकी ७३ हजारांहून अधिक कंपन्यांत किमान एक महिला संचालक आहे. २०२४च्या अखेरीचा हा आकडा, एकूण संख्येच्या जवळपास निम्मा. त्यात खरोखर कंपनी चालवणाऱ्या कर्तबगार बायका नक्कीच आहेत, मी भेटले आहे. पण जेवायला वाढता वाढता सही करणाऱ्या किती, हे त्या आकड्यातून दिसत नाही, आणि ते विचारायचं काम आपलं आहे.

विचारण्याचा हक्क आहे का, असं कुणी म्हणेल. आहे. २०१६ साली स्टार्टअप इंडिया जाहीर झालं तेव्हा सिडबीमार्फत दहा हजार कोटींचा निधी उभा करण्यात आला. तो थेट कंपन्यांना मिळत नाही, अशा फंडांना मिळतो, आणि त्यांनी त्याच्या किमान दुप्पट रक्कम स्टार्टअपमध्ये घालायची असते. २०२५च्या अर्थसंकल्पात आणखी दहा हजार कोटी जाहीर झाले. पहिल्या निधीतला दहा टक्के हिस्सा महिलांच्या नेतृत्वाखालच्या कंपन्यांसाठी राखीव असल्याचं सरकार सांगतं. म्हणजे त्या काचेच्या खोलीतल्या पैशात तुमचा-माझा पैसाही आहे. मग नेतृत्व म्हणजे काय धरता? बँक खात्यावर सही कुणाची, पगार कोण घेतं, बैठकीत कोण बसतं, हे बघता की फक्त नाव? रेशन दुकानदाराला आपण पाटी लावायला लावली. इथेही पाटी मागता येईल.

शेवटी, मी ज्या कायद्याने तिथे गेले त्याबद्दल. समितीकडे आलेल्या तक्रारींबद्दल मी काहीही सांगणार नाही. कलम १६ने ते गोपनीय आहे आणि तसंच असायला हवं. पण एक प्रश्न मला कार्यकर्त्या नेहमी विचारतात. पैसे मागायला गेलेली मुलगी फंडाची नोकर नाही. भागीदाराने रात्री हॉटेलवर चर्चेला बोलावलं, नको ते केलं, तर ती जाणार कुठे? तिची स्वतःची कंपनी म्हणजे ती आणि दोन मैत्रिणी. फंडातल्या लोकांचाही समज असतो की हे आपल्या समितीच्या कक्षेत येत नाही.

कायदा नीट वाचा. पीडित महिला म्हणजे नोकरीत असो वा नसो, कोणत्याही वयाची महिला, असे शब्द आहेत. कामाच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जातो ती जागा, प्रवासाचं वाहन धरून, कामाचं ठिकाण मानली आहे. म्हणजे ती मुलगी फंडाच्याच अंतर्गत समितीकडे तक्रार करू शकते. असे बरेच फंड सहा-सात माणसांचे असतात, त्यांच्याकडे समितीच नसते. किंवा आरोप मालकावरच असतो. तेव्हा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. मुदत तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१८ साली कायद्यात गुंतवणूकदार हा शब्द मुद्दाम घातला, कारण आदल्या वर्षी तिथल्या उद्योजक बायकांनी उघडपणे बोलायला सुरुवात केली होती. त्याआधी एलेन पाओ या बाईने आपल्याच फंडाविरुद्ध २०१२ साली भेदभावाचा दावा लावला होता. २०१५ साली ती हरली. पण त्या खटल्यात कोण कुणाबरोबर फिरायला गेलं आणि कुणाला बोलावलंच नाही, हे सगळं साक्षीत आलं, वर्तमानपत्रांत छापून आलं. आपल्याकडे शब्द आधीच पुरेसे रुंद आहेत. ते वापरणारी पहिली तक्रार लिहायला बसेल तेव्हा तिच्या शेजारी बसायला आपल्यापैकी कुणीतरी हवी. आपल्या जिल्ह्याची स्थानिक समिती कागदावर आहे की खरी, अध्यक्ष कोण, कार्यालय कुठल्या मजल्यावर, हे परत गेल्यावर बघून या. आमच्या जिल्ह्यात पाटी सापडायला तीन फेऱ्या झाल्या.

त्या ताईच्या केसनंतर आमच्या केंद्रातल्या नोंदणीच्या अर्जात आम्ही एक प्रश्न वाढवला आहे. नाव, पत्ता, लग्नाची तारीख, मुलं, मारहाण, दागिने, आणि मग: तुमच्या नावावर एखादी कंपनी, भागीदारी, दुकान किंवा परवाना आहे का? कुठे कुठे सह्या केल्या आहेत? "हो" म्हणाली तर आम्ही तिथेच कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर संचालकांची नावं बघतो.

पहिल्याच महिन्यात तिघीजणी "हो" म्हणाल्या. त्यांतल्या एकीला कंपनीचं नाव आठवत नव्हतं. बराच वेळ पिशवी चाचपून तिने पॅन कार्डाची झेरॉक्स काढली. मागच्या बाजूला पेन्सिलीने तिने ते कधीतरी उतरवून ठेवलं होतं.